गुरुवारचा दवाखाना, शुक्रवारची गोळी

साताऱ्यातल्या ज्या दवाखान्याबद्दल लिहितोय त्याचं नाव देत नाही. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना विचारलं होतं. "अनुभव खुशाल लिहा, माझी जाहिरात नको," असं म्हणाल्या. म्हणून नाव सोडून बाकी सगळं लिहितो. मी एसटीत वाहक आहे, वय ४७. सोरायसिस हा कातडीचा आजार होऊन नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली साडेसहा वर्षं मलमं आणि दवाखाने बदलण्यात गेली, शेवटची अडीच या एका ठिकाणी. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना त्या साडेसहा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सुरुवात डोक्यातून झाली. कोंडाच समजलो. खाकी शर्टाच्या खांद्यावर पांढरे पापुद्रे फार उठून दिसतात, म्हणून दर स्टॉपला झटकत बसायचो. मग दोन्ही कोपरं, गुडघे, आणि कमरेवर जिथं पट्टा घासतो तिथं लाल चट्टे आले, वर चंदेरी खवले. तेव्हापासून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. तरी मनगटापर्यंत उतरलेलं दिसायचंच. सुटे पैसे परत देताना प्रवासी हात मागे घ्यायचे. एका आजींनी "बाबा, शिटवर ठेव पैसं" असं अगदी हळू सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणून हळू. ते मला जास्त लागलं. गावात कुणी नायटा म्हणालं, कुणी महारोग. महारोग हा शब्द आईच्या कानावर गेल्यावर तिने आठवडाभर जेवण नीट घेतलं नाही.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेलं नायट्याचं मलम लावलं की चार दिवसांत चट्टा फिका पडायचा आणि थांबवलं की दुप्पट होऊन यायचा. असं दोन वर्षं. मग "मुळापासून घालवतो, गॅरंटी" म्हणणाऱ्या एका माणसाकडे गेलो. पांढऱ्या पुड्या, तीन महिन्यांचे सहा हजार. आठ दिवसांत खाज गेली. मी इतका खूश झालो की चार ओळखीच्यांना त्याचा पत्ता दिला. ते चार पत्ते दिल्याचं मला आजही वाईट वाटतं. चेहरा गोल झाला, भूक वाढली, ती तब्येत सुधारल्याची खूण समजलो. पैसे संपले म्हणून पुड्या बंद केल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग लाल झालं. अंथरुणात ओंजळभर पापुद्रे पडायचे. भर मे महिन्यात थंडी वाजून अंग थडथडत होतं. आठ दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुड्यांत स्टिरॉइड असणार, ते एकदम तोडलं की सोरायसिस असा उसळतो, आणि अंगभर पसरला तर जिवावरही बेतू शकतं. सुट्टी देताना म्हणाले, "आता एक त्वचारोगतज्ज्ञ धरा आणि त्याच्याकडेच राहा."

तज्ज्ञ ओळखायचा कसा, हे तिथल्या एका सिस्टरांनी शिकवलं. त्वचा, केस, सौंदर्य, लेझर असे शब्द पाटीवर कुणीही लिहितो, पाटीवरची डिग्री वाचा म्हणाल्या. एमबीबीएसच्या पुढे एमडी त्वचारोग पाहिजे, किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी, त्वचारोगातलं डीएनबी यांपैकी काहीतरी. यातलं डीव्हीएल म्हणजे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग, तिन्ही एकाच शिक्षणात येतात. आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवाच. माझ्या मुलीने मॅडमचा क्रमांक मोबाईलवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधून काढला, तेव्हाच मी नंबर लावला. आधीच्या साडेसहा वर्षांत ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो, त्यांच्यापैकी एकाचीही डिग्री मी वाचली नव्हती. शिकलेला माणूस आहे मी, बारावी पास, रोज हजार तिकिटांचा हिशेब करतो, आणि तरीही वाचली नव्हती.

फोनवर दवाखान्यातल्या मुलीने एकच सांगितलं, आतापर्यंत लावलेली सगळी मलमं, खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं आणि दुसऱ्या कुठल्या आजाराचं औषध चालू असेल तर तेही घेऊन या. घरभर शोधून पिशवी भरली. सात ट्यूबा निघाल्या. मॅडमनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेकीच्या पाठीवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. पाच ट्यूबांवर एकच नाव, क्लोबेटासोल. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, आत तेच कडक स्टिरॉइड. कुणाबरोबर बुरशीचं औषध मिसळलेलं, कुणाबरोबर अँटिबायोटिक. म्हणाल्या, हे औषध वाईट नाही, मीही तुम्हाला देणार आहे, पण कुठं, किती आणि किती दिवस हे ठरवून. वर्षानुवर्षं चोळायचं ते नाही. २०१८ सालीच सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग शर्ट, बनियन काढून दिव्याखाली उभं केलं. इतक्या वर्षांत मला असं पूर्ण कुणी बघितलंच नव्हतं. सगळे जण बाही वर करून कोपर तेवढं बघायचे, तेही टेबलाच्या पलीकडून. मॅडमनी केसांत भांग पाडून टाळू बघितली, कानामागे, बेंबीत, काखेत बघितलं, दहाही नखं उजेडात धरून बघितली. नखांवर सुई टोचल्यासारखे खड्डे होते, ते मला माहीतही नव्हते. मग विचारलं, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, टाच दुखते का, पाठ किती वेळाने मोकळी होते. सोरायसिस असलेल्या बऱ्याच जणांना पुढे सांधेदुखी लागते आणि ती वेळेत धरली नाही तर सांधे वाकडे होतात, म्हणून प्रत्येक भेटीत हा प्रश्न असतोच.

त्यानंतर जे केलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. माझाच तळहात माझ्या चट्ट्यांवर ठेवायला सांगितलं. पाठीवर माझा हात पोहोचेना, तिथं माझ्या हाताच्या मापाने त्यांनी स्वतःचा हात ठेवला. हातमोजा नव्हता. "तुमचा तळहात बोटांसकट म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण एक टक्का. मोजा." आम्ही दोघांनी मोजलं. अकरा भरले. दहाच्या वर गेलं की नुसत्या मलमावर भागत नाही, म्हणाल्या. माझ्या आजाराला पहिल्यांदा आकडा मिळाला. ज्याला हिशेबाची सवय आहे अशा माणसाला आकड्याचा किती आधार वाटतो, ते सांगता येत नाही.

आजार काय आहे तेही तेव्हाच कळलं. रक्त अशुद्ध वगैरे काही नाही. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच कातडीला उठवते, आणि जी कातडी खालून वर यायला महिनाभर लागतो ती चार-पाच दिवसांत वर येते. तेच ते खवले. कुणाला लागत नाही. ताटातून नाही, टॉवेलमधून नाही, नोटेतून नाही. हे सांगितल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा मुळापासून जात नाही. बीपी-शुगरसारखा ताब्यात राहतो. बरा करते असं मी म्हणणार नाही." मला त्या वाक्याने धीर आला. साडेसहा वर्षं प्रत्येकाने मुळापासूनचं वचन दिलं होतं.

बीपीच्या गोळीचं पाकीट बघून त्यांनी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मी घेत होतो त्या प्रकारच्या गोळीने काहींचा सोरायसिस वाढतो, शक्य असल्यास दुसरी द्यावी, असा मजकूर. त्या डॉक्टरांनी बदलून दिली. आपण होऊन गोळी बंद करू नका, हेही मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

पहिला उपाय म्हणून प्रकाशोपचार ठरला. दवाखान्यात मागच्या खोलीत कपाटासारखं मशीन आहे, आत उभ्या निळ्या नळ्या. त्यातून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण येतात. डोळ्यांवर काळा चष्मा, गुप्तांग झाकून आत उभं राहायचं. पहिल्या दिवशी काही सेकंद, मग कातडी कितपत लाल होते ते बघून हळूहळू वाढवत नेतात. मला दहाव्या-अकराव्या वेळेला पाठीवर फरक दिसला. पण हे आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने न चुकता करावं लागतं. माझी ड्युटी कधी स्वारगेट, कधी महाबळेश्वर मुक्काम. बारा वेळा गेलो, मग खंड पडला. त्यात दोनदा वीज नव्हती म्हणून परत आलो. ज्यांचं घर जवळ आहे, नोकरी एका जागची आहे, त्यांनी हा उपाय जरूर विचारावा. गरोदर बायकांनाही चालतो, असं मॅडम एका ताईंना सांगत होत्या. मला पेलला नाही. त्यावर मॅडम रागावल्या नाहीत. माझा ड्युटीचा तक्ता मागून घेतला, बघितला आणि म्हणाल्या, "मग तुमच्या फेऱ्यांत बसेल असं औषध काढू."

ते औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात चूक झाली तर महागात पडते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली तर तोंडात फोड, रक्तातल्या पेशी कमी होणं, आणि माणूस दगावूही शकतो. मॅडमनी वार मला निवडायला लावला. मी शुक्रवार म्हणालो, कारण शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी. मग त्यांनी चिठ्ठीवर लाल शाईने "फक्त शुक्रवार" असं मराठीत लिहिलं, पाकिटावर लिहिलं, आणि बायकोला आत बोलावून तिच्या तोंडून वदवून घेतलं. दुसरी गोळी फोलिक ॲसिडची, ती वेगळ्या वारी. सुरू करण्याआधी रक्त, लिव्हर, किडनी, बी आणि सी या दोन्ही प्रकारच्या काविळीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. नंतर दोन आठवड्यांनी रक्त, मग महिन्याला, आता तीन महिन्यांनी. दारू पूर्ण बंद. मी आठवड्याला एखाद-दुसऱ्या वेळी घ्यायचो, ती सोडली. पुढे मूल हवं असणाऱ्यांनी, बायकांनी तर नक्कीच आणि पुरुषांनीही, हे आधी सांगायचं, कारण गर्भाला या औषधाने इजा होते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे ताप-खोकल्याला गेलं तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. काही अँटिबायोटिक आणि अंगदुखीच्या गोळ्या तिच्याबरोबर चालत नाहीत.

त्रास होतो. शनिवारी सकाळी मळमळतं, चहा नको वाटतो. दुपारनंतर ठीक. पहिले सहा आठवडे फरकच दिसला नाही, आणि तेव्हा मन फार खचलं. त्या पुड्यांनी आठ दिवसांत आराम दिला होता ना! फोन करून तसं म्हणालोसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "लवकर गेलेलं कसं परत आलं ते तुम्ही बघितलंय." तिसऱ्या महिन्यात कमरेचे चट्टे सपाट झाले. पाचव्या महिन्यात मोजले तेव्हा अकराचे दोन झाले होते. दुसऱ्या हिवाळ्यात महाबळेश्वरच्या मुक्कामांनी पुन्हा चार-साडेचारपर्यंत गेले, गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं, उतरले.

मलम लावायचं मापही शिकवलं. तर्जनीच्या पुढच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आधी मी त्याच्या तिप्पट थापत होतो. डोक्याला डांबराचा, म्हणजे कोल टारचा शाम्पू. वास येतो, उशीचा अभ्रा पिवळा पडतो, पण टाळूला मला त्यानेच सगळ्यात आराम दिला. आंघोळ कोमट पाण्याची, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत साधी पेट्रोलियम जेली. दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात साडेपाचशेचं क्रीम पुढे करतात. मॅडमना विचारलं तर त्यांनी साध्या जेलीवरच बोट ठेवलं. वजरीने घासणं मात्र कायमचं बंद केलं. आमच्याकडे दिवाळीला उटणं लावून वजरीने कोपरं घासायची पद्धत, आणि मी तर खवले जावेत म्हणून रक्त येईपर्यंत घासायचो. जिथं कातडी खरचटते, भाजते, तिथं सोरायसिस नवीन उगवतो. कमरेच्या पट्ट्याखालचा चट्टा तसाच आलेला. आता पट्टा रुंद आणि सैल वापरतो.

इंजेक्शनांचंही त्यांनी न विचारता सांगितलं. शरीरातला नेमका एक दुवा अडवणारी, बायोलॉजिक म्हणतात ती. फार गुणकारी, पण खर्च मोठा, आणि आपल्याकडे क्षयरोग दबा धरून असतो म्हणून त्याची तपासणी आधी करावीच लागते. "तुम्हाला सध्या गरज नाही" असं म्हणून विषय संपवला. मला हे आवडलं. महागाचं आहे म्हणून दडवलं नाही, आणि महागाचं आहे म्हणून गळ्यातही मारलं नाही.

खर्च लिहितो. पहिल्या भेटीचे ५००, नंतर ३००. गोळ्या महिन्याला दीडशेच्या आत बसतात. रक्ताच्या तपासण्यांना दर वेळी हजाराच्या आसपास, तो खरा भार. प्रकाशोपचाराचे एका वेळचे २५०. पुड्यांचे सहा हजार आणि दवाखान्यातले आठ दिवस आठवले की हे मला जास्त वाटत नाही, पण महिन्याला बारा-पंधरा हजारांत घर चालवणाऱ्याला रक्ताचा खर्च नक्की टोचेल. अशांना मॅडम स्वतःच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जायला सांगतात आणि तशी चिठ्ठी देतात. माझ्यासमोर एका ऊसतोड कामगाराला दिली.

तक्रारी आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सांधे धरलेली माणसं कठड्याला धरून चढताना बघवत नाहीत. मी हे मॅडमच्या कानावर घातलंय, तीनदा. नंबर सकाळी अकराचा दिला तरी आत जायला दीड वाजतो. मी गुरुवारी रजा टाकूनच जातो. आणि कपडे काढायच्या जागी पडदा इतका आखूड आहे की बायका संकोचतात, माझ्या बहिणीला नेलं तेव्हा तिने तेच सांगितलं. एवढी चांगली तपासणी जिथं होते तिथं पडदा पुरा हवा.

एक गोष्ट मात्र मला दुसरीकडे कुठं मिळाली नसती. ज्या सलूनमध्ये मी वीस वर्षं जातोय, तिथं मला स्वतःचा कंगवा आणि टॉवेल आणायला सांगितलं होतं. हे बोलता बोलता मॅडमकडे निघालं. त्यांनी लेटरहेड ओढलं आणि मराठीत तीन ओळी लिहिल्या: यांना सोरायसिस आहे. हा आजार स्पर्शाने, कंगव्याने, टॉवेलने किंवा कोणत्याही वस्तूने दुसऱ्याला होत नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. सलूनवाल्याने तो कागद दोनदा वाचला, काही बोलला नाही, आणि त्याच्याच कपाटातला टॉवेल काढून माझ्या गळ्याभोवती बांधला. तो कागद मी तिकिटाच्या मशीनच्या पिशवीत ठेवतो. घडीवर फाटत आला होता, मुलीने त्याला प्लास्टिक करून आणलं. आतापर्यंत सहा प्रवाशांना दाखवला असेल. त्यातल्या दोघांनी वाचून बाही वर केली आणि स्वतःचं कोपर मला दाखवलं.

२९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो. त्या दिवशी संध्याकाळी मॅडम बाहेरच्या बाकड्यांवर सगळ्या पेशंटांना बसवतात आणि प्रश्न घेतात. गेल्या वर्षी आम्ही चौदा जण होतो. एक कॉलेजातली मुलगी पहिल्यांदाच आली होती, लग्नाचं कसं होणार म्हणून आईच जास्त रडत होती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईंनी स्वतःच्या दोन मुलांचे फोटो दाखवले. पुष्कळ वेळ त्या तिघी बोलत होत्या. मी गेलो होतो माझ्या नखांचं विचारायला, ते राहूनच गेलं.

नखं अजून तशीच आहेत, डाव्या अंगठ्याचं तर मुळाशी पिवळं पडलंय. नखाला वेळ लागतो म्हणाल्या. येत्या गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन जायचंय, तेव्हा ते दाखवीन आणि पुन्हा तळहाताने मोजणं होईल. अर्ध्या बाह्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.